सुतळीच्या मापाचे टायर

तीर्थस्वरूप रुस्तुमदादा यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या, शालूच्या, मालकाचा, म्हणजे डोंगरकड्याच्या दगडोबाचा, जमिनीपासून जरा उंचावरून साष्टांग नमस्कार. वहिनींचा गुडघा आता कसा आहे? सोयाबीनला शेंगा बऱ्या धरल्या का? चांद्या आणि पाखऱ्या खाऊन-पिऊन आहेत ना? (तुमची तब्येत विचारायच्या आधी बैलांची विचारली, याचा राग मानू नका. जीप घेतली तेव्हा माझी ही जोडी मीच तुमच्या गोठ्यात सांभाळायला आणून बांधली, पण वैरण घालताना अजून माझा हात रिकाम्या दावणीकडे जातो.) कागदाला हसू नका, हा टायरच्या गॅरंटीचा कागद आहे आणि मागची बाजू कोरी आहे. फोन केला असता, पण इथं रेंज नाही, आणि तुमच्या घरी फोन वाजला की आधी शालूच उचलते.

दादा, पंचमीला मी शालूला तुमच्याकडे सोडायला आलो तेव्हाचा प्रकार तुम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. साखऱ्याच्या ओढ्यात जीप रुतली, अख्खं गाव काठावर जमलं आणि तुम्ही चांद्या-पाखऱ्याला जुंपून आम्हा दोघांना बाहेर काढलं. बैलांनी मला ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. शालू नव्या लुगड्यानिशी चिखलात उतरली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "पोळ्याला ववाळायला दारात बैल न्हाईत. मंग काय या चार टायरांला ववाळू का? हा डबा वढा वलांडून माझ्या दारात यील, तवाच मी त्याच्यात बसन. न्हाई तर हितंच बरी हाव." तिचं बोलणं म्हणजे दगडावरची रेघ, हे तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. तेव्हापासून घरी मी, चूल आणि एक मांजर. मांजरसुद्धा माझ्या हातची भाकरी हुंगून शेजारी जातं. पोळ्याला शालू घरी हवी, एवढं एकच मनात धरून मी मोठे टायर घ्यायचं ठरवलं.

माप मी स्वतः घेतलं. आमचे वडील सुतार, बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवायचे, तेव्हा सुतळीनंच माप घ्यायचे. आधी चाकाला सुतळी गुंडाळायची, मग चार बोटं सोडायची. तसंच मीही जुन्या टायराला सुतळी गुंडाळली, वर चार बोटं जादा सोडली, मग ओढा आठवून आणखी दोन विती सोडल्या आणि सुतळी पुतण्याच्या, म्हणजे दिपकच्या हातात दिली. त्यानं मोबाईलवर बघून टायर मागवले. वडील ती चार बोटं कमी धरायचे, हे मला टायर आल्यावर आठवलं. (धाव चाकापेक्षा लहान असते. गोवऱ्यांच्या जाळात फुगवून ती चाकावर चढवायची आणि वर पाणी ओतायचं, की चाकाला आवळून बसते. लहानपणी मी त्या वेळी फक्त जाळ बघत असे.) दिपकनं डिस्कचा नंबर बरोबर दिला, म्हणून मधलं भोक तेवढं आमच्या गाडीचं निघालं. बाकी सगळं कुठल्या तरी राक्षसाच्या गाडीचं होतं.

टायर बसवायला हिंगोलीला हरिचंदच्या दुकानात गेलो. हरिचंद तीस वर्षं पंक्चर काढतो, पण ते चार टायर पाहून त्यानं आधी चहा सांगितला. "दाजी, हे काहून आणलं? ढग आणून राहिले का जमिनीवर?" असं म्हणून तो दोनदा टायरांभोवती फिरला. मग साबणाचं पाणी, टायर उचकायच्या दोन पोरसवदा पहारींएवढ्या टॉमी आणि आम्ही दोघं. एक कड डिस्कवर चढली, की दुसरी रुसून बाहेर यायची. शेवटी मी टायरावर उभा राहून नाचलो, तेव्हा ती आत गेली. पण टायर गठ्ठ्यात आवळून आलेले, त्यांचे ओठ मिटलेले. वारं भरावं तर ते कडेनं फुसकन निघून जायचं. कॉम्प्रेसर दमला, हरिचंद दमला. तेव्हा मला सीटखाली पडलेला जाड दोराचा नाडा आठवला, आपल्या चांद्या-पाखऱ्याच्या गाडीचा. तो टायराच्या पोटाभोवती गुंडाळला, काठी घालून पीळ दिला. पोट आवळल्यावर टायराचे ओठ उघडले आणि डिस्कच्या कडेला टेकले. हरिचंदनं वारं सोडलं. ठप्प! असा आवाज झाला की समोरच्या हळदीच्या पोत्यांवरची कबुतरं थेट स्टेशनकडे गेली. हरिचंद म्हणाला, "बैल गेले, पर नाडा कामाचा निघाला." मी हसलो, पण दादा, मला ते वाक्य लागलं.

मधले दोन टायर होईपर्यंत मी चौथ्याच्या पोकळीत सावलीला आडवा झालो. त्यात माणूस पाळण्यातल्यासारखा मावतो. रबराचा वास, हळदीचा वास, दूरच्या एसटीची घरघर... डोळा लागला. स्वप्नात मी आणि शालू जीपमध्ये, आणि जीप जमिनीला लागतच नाही. खाली हळदीची पिवळीधमक वाळवणं, खाली कयाधू नदीचं पात्र, आणि साखऱ्याचा ओढा तर इतका बारीक की कुणी सुतळी विसरून गेलं असावं. शालूच्या पदराला वारं लागत होतं. पुढं चांद्या-पाखऱ्या चालत होते, हवेतूनच, सावकाश. मी विचारलं, "कुठं निघालो गं आपुन?" तेवढ्यात हरिचंदनं मला टायरासकट हलवलं, कारण त्याला तो टायर हवा होता.

टायर चढले, पण मडगार्डला घासायला लागले. मडगार्ड हातोड्यानं वर वळवलं. तरी स्टेअरिंग पुरतं फिरेना, म्हणून गाडी आता मुख्यतः सरळ जाते. (वळायचं असलं तर पुढं-मागं तीनदा करावं लागतं. हिंगोलीच्या चौकात लोकांनी मोठ्या प्रेमानं वाट दिली.) काटा चाळीस दाखवतो आणि बाजूची झाडं साठनं पळतात. चढायला मी शालूसाठी घरचा चौरंग घेतला आहे. पण वर बसल्यावर दादा, काय सांगू! लोकांच्या कुंपणापलीकडचं दिसतं. कुणाच्या रानात कोणतं पीक, कुणाच्या ओसरीवर कोण झोपलंय, सगळं. माणूस जरा उंच बसला, की जग मऊ दिसतं.

तर असा मी आज पोळ्याच्या दिवशी निघालो आणि अगदी मजेत आहे. वारा सुरेख आहे, पाण्याचा आवाज कानाशी आहे, एक खंड्या मघापासून आरशावर येऊन बसतोय. शालूला सांगा, दगडोबा शब्दाचा पक्का आहे आणि दारात आल्यातच जमा आहे. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुमचा,
दगडोबा

ता. क. जीप ओढ्यात आहे. बरोबर मध्यात. आपली काळी माती टायरांच्या त्या एवढाल्या खाचांत भरली, टायर लाडवासारखे गुळगुळीत झाले आणि जागच्या जागी फिरत खाली गेले. चांद्या-पाखऱ्याला पाठवा. मागच्या वाटेनं, गाव जमायच्या आत. शालूला कळू देऊ नका. पलीकडे लखमाबाई शेळ्या चारते आहे, तिच्या हाती हे पत्र देतो.

ता. क. २. आज पोळा, हे मीच वर लिहिलं आहे. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू मागणारा सुताराचा लेक मीच पहिला असेन. माफ करा. त्यांना पुरणपोळी चारा, माझ्या नावानं पाठीवर हात फिरवा. उद्या मात्र पाठवा, आणि दादा, एक बोलायचं राहिलं. बाहेर काढून झाल्यावर त्यांना मी परत पाठवणार नाही. दिपकच्या टेम्पोतून घरी नेतो. रिकामी दावण मला बघवत नाही. शालूला जे पाहिजे होतं ते मला आधीच कळायला हवं होतं, आणि मी टायर मोजत बसलो.

ता. क. ३. लखमाबाई पत्रासाठी थांबलीच नाही. तिनं गावात जाऊन सांगून टाकलं. सगळ्यांच्या आधी शालू आली, गुडघाभर पाण्यातून, हातात बैलांच्या ओवाळणीचं ताट. वरची ता. क. २ तिनं उभ्यानं वाचली. मग चारही टायर शोधले. तीन चिखलात होते, दगडावर चढलेला एकच दिसत होता. त्याला तिनं कुंकू लावलं, ओवाळलं, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला आणि ती पोळी मला दिली. आता चौरंगावर पाय देऊन वर येऊन बसली आहे. इथून तुमचा गोठा दिसतो, जोडीची रंगवलेली शिंगं दिसतात. म्हणते, "इतक्या वरून आपलं गाव म्या कधी पाह्यलंच न्हाई." उद्या बैल पाठवायची घाई करू नका. ऊन चढल्यावर पाठवा.