ताठ मानेची बंदिनी

रोम, मार्चचा पहिला दिवस

ती. बाबांना लिसिआसचा सा. न. वि. वि.

तुम्ही खुशाल असाल, तर आम्हीही खुशाल. डेशियावरच्या विजयाच्या नाण्याचा ठसा कोरायचं काम माझ्याकडे आलंय. एका बाजूला सम्राट, दुसरीकडे हरलेला देश म्हणून गुडघे टेकून रडणारी बाई. टाकसाळीच्या अधिकाऱ्यांना तिच्या मानेवर सम्राटांचा पाय हवाय. सैनिकांच्या पगारातून हे चित्र थेट ब्रिटनपर्यंत जाईल. निरक्षरालाही कळेल, कोण जिंकलं.

पण घरी माझी डेशियन बायको झिया समोर असते, नि हात चालत नाही. थेरॉनदादा तिच्या लोकांशी लढताना गेला, म्हणून तुम्ही तिचं नावही घेत नाही. तरी विचारतो, तुम्ही काय कोरलं असतं?

माया पातळ होऊ देऊ नका.
लिसिआस

सिराक्यूज, मार्चअखेर

चि. लिसिआसला आशीर्वाद.

तुझं अक्षर अजून कोंबडीनं उकरल्यासारखंच आहे. ठसे तेवढे बरे कोरतोस. आई विचारते, जेवतोस ना वेळेवर?

माझा थेरॉन रडूबाईंशी लढून मेला नाही. वैऱ्याला एवढं लहान केलंस, तर त्याच्याशी लढून गेलेला माझा मुलगाही लहान होतो. अधिकाऱ्याला हेच सांग. तुझ्या घरातल्या त्या बाईविषयी मात्र मला विचारू नकोस.

तब्येत सांभाळ.
तुझा बाप

रोम, मे महिना

ती. बाबांना सा. न. वि. वि.

तुमचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. अधिकारी भडकले, मला हाकलायची भाषा केली. मग मेणाचा नमुना हातात घेऊन निरखू लागले. त्यांचा भाचा त्याच लढाईत गेलाय. शेवटी म्हणाले, पाय काढ.

आता ती ढालींच्या ढिगावर बसलीय. हात मागे बांधलेले, मान ताठ. चेहरा झियाचा आहे, तुमच्यापासून लपवत नाही. आजवर इतकं चांगलं काम माझ्या हातून झालं नव्हतं. झियानं नाणं कितीतरी वेळ मुठीत धरून ठेवलं. तिची आई अशीच बसायची, म्हणाली. एक नाणं सोबत पाठवतोय.

रागावलात तरी विसरू नका.
लिसिआस

सिराक्यूज, जून महिना

चि. सौ. झियाला आशीर्वाद.

हे पत्र तुला आहे. लिसिआसनं वाचून दाखवावं. नाणं घेऊन गावभर हिंडलो. मासळीबाजारात एक म्हातारा शिपाई भेटला, डेशियात लढलेला. त्यानं नाणं उन्हात धरलं, म्हणाला, अशाच होत्या तिथल्या बायका. मग विचारलं, ही कोण?

मी म्हटलं, माझी सून.

दोघं घरी या.
तुझा सासरा