तांबड्या तेलाचं गाव

आये, तुला वाचता येत नव्हतं आणि मला बोलता येत नव्हतं, म्हणून आपल्या दोघांतलं पुष्कळसं तसंच राहून गेलं. आज म्हातारपणी लिहायला बसलोय त्याचं कारण साधं आहे. वेल्ह्याच्या रेशन दुकानात पामतेल आलंय. बाया नाकं मुरडतात, थंडीत गोठतं म्हणतात, भाजीला चव लागत नाही म्हणतात. मी किटली भरून घरी आणली आणि झाकण काढून वास घेतला. वासच नव्हता. रंगही फिका. मी हे तेल पाहिलंय ते शेंदूर कालवल्यासारखं तांबडं, आणि त्याचा वास माझ्या अंगाला इतका मुरला होता की बोटीतून परत येताना शेजारचा शिपाई तोंड फिरवून झोपायचा. ते तेल मी कुठं खाल्लं, कुणाच्या हातचं खाल्लं, हे आपल्या वाडीत कुणाला ठाऊक नाही. तुला सांगणार होतो.

मी भरती होऊन आलो तो दिवस तुला आठवत असेल. तू चुलीपुढं नाचणीची भाकरी थापत होतीस. मी उंबऱ्यात उभा राहून सांगितलं, खडकीला नाव घातलं, पूल बांधायच्या पलटणीत घेतलं, बोटीनं जायचंय. तू मागं वळून पाहिलं नाहीस. भाकरी तव्यावर करपली तरी हात हलला नाही. मग म्हणालीस, "पूल बांदायला समिंदरापल्याड कशाला जायाला पायजे? हितला वढा काय पळून चाललाय?" थोरला भाऊ हसला, तशी त्याच्यावर खेकसलीस. निघताना मात्र हिरड्याची पुरचुंडी माझ्या हातात कोंबलीस. "परमुलखातलं पानी बादतं. पोट बिगाडलं की उगाळून घे." तेवढंच बोललीस. मी नसरापूरच्या वाटेला लागलो आणि वळून पाहिलं तेव्हा तू शेणी थापायला बसली होतीस, माझ्याकडं पाठ करून.

मलायात उतरलो आणि जपान्यांची लढाई अंगावर आली ती आम्हाला मागं मागं ढकलतच. दिवसा पूल उडवायचा आणि मागं पळायचं, हेच आमचं काम झालं. अशाच एका पळापळीत आमची तुकडी फुटली. मी रानात एकटा राहिलो. तुझे हिरडे केव्हाच संपले होते आणि पोटातून रक्त पडत होतं. ते रान आपल्यासारखं नव्हतं. एका गोऱ्या कंपनीनं लावलेली ताडासारखी झाडं, बुंधे जाड, रांगाच रांगा, कुठंही पाहा सारखंच. भर दुपारी खाली अंधार. झाडाच्या माथ्यावर काटेरी घड, साळिंदर बसल्यासारखे, त्यात तांबडी-काळी फळं. खाली गळलेली चघळत मी सरपटत होतो. कुठं पडलो ते कळलं नाही.

डोळे उघडले तेव्हा एक म्हातारी माझ्यापुढं वाडगं धरून "मकान, मकान" म्हणत होती. मला वाटलं घर दाखवतेय. मी मान वळवून घर पाहिलं. लाकडी खांबांवर उचललेलं, खाली कोंबड्या. ती हसली आणि माझा जबडा धरून पेज तोंडात ओतली. त्यांच्या भाषेत मकान म्हणजे जेव, हे मला पुढं समजलं.

ते गाव मी तुला कसं दाखवू? गढूळ ओढ्याच्या काठाला मोजकी घरं, मागं ती तेलाची झाडं, पुढं दलदल. मळ्याचा साहेब पळाला होता, तेलाचा कारखाना बंद पडला होता, आणि मळ्यावरचे मद्रासी मजूर जपान्यांनी रेल्वेच्या कामाला ओढून नेले होते. तांदूळ दिसेनासा झाला. लोक कंद उकडून खायचे. मग मळ्यातले घड तोडून आणायचे, फळं उकडायची, उखळात कुटायची, पिळायची. तेच तेल खाण्याला, दिव्याला, अंगाला. माणसं मुसलमान. म्हातारी पाची वेळा नमाज पढायची आणि उठली की आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहायची. तिच्या मुलालाही जपान्यांनी नेलं होतं. त्याचीच लुंगी तिनं मला नेसवली. गावानं ठरवलं की जपान्यांनी विचारलं तर मी तिचा मुका मुलगा. काळा होतोच, तोंड उघडलं नाही की झालं.

मला ती "नाक" म्हणून हाक मारायची. पहिल्यांदा मी नाकाला हात लावला, काही लागलंय का पाहायला. ती आणि शेजारीण हसून लोळल्या. नाक म्हणजे लेकरू. हसणं ऐकून मलाही हसू आलं, कित्येक दिवसांनी. पण एरवी, आये, तिथं फार एकटं वाटायचं. शब्द येत नव्हते, आणि आले तेव्हा चारचौघांत बोलायची सोय नव्हती. सगळ्यांत वाईट म्हणजे तिथं डोंगर नव्हता. आपल्या अंगणातून तोरणा दिसतो, माणूस कुठं आहे ते त्याला कळतं. तिथं नजर झाडाला लागून परत यायची. एकदा म्हातारीनं खुणेनं विचारलं, तुझं घर कसलं? मी दोन्ही हात जुळवून उंच डोंगर केला. तिनं उभ्या जन्मात डोंगर पाहिला नव्हता. तिला वाटलं मी मशीद दाखवतोय. तिनं मोठ्या आदरानं मान हलवली.

एका सकाळी आम्ही फळं कुटत होतो आणि जपानी शिपाई आले. कुणी तरी चुगली केली असावी. एक सरळ माझ्यापुढं आला, संगीन छातीला टेकवली आणि ओरडून काही विचारलं. माझ्या तोंडात "नाही साब" आलंच होतं. तेवढ्यात म्हातारी धावत आली आणि तिनं माझ्या थोबाडीत मारली. एक, दुसरी, आणखी. शिव्या देत होती, मुसळाकडं बोट दाखवत होती, काम सोडून काय बघतोस म्हणून. मग माझा जबडा धरून, मुका आहे म्हणून, शिपायाला तोंडाची पोकळी दाखवली आणि कपाळावर हात मारून घेतला. माझ्या घशातून नुसता घोगरा आवाज निघाला. शिपाई हसला. दोन कोंबड्या पायाला धरून ते निघून गेले.

ते दिसेनासे झाल्यावर ती घराखाली जाऊन मटकन बसली. मग तेलात बोटं बुडवून माझा गाल चोळत राहिली. तू मला कधी मारलं नव्हतंस. माझ्या तोंडून "आये" निघून गेलं. तिला तो शब्द माहीत नव्हता, पण कळला. ती म्हणाली, "नाक." त्या दिवसापासून मी तिला त्यांच्या बोलीत "माक" म्हणायला लागलो. त्याचा अर्थ तुला सांगायला नको.

लढाई संपली तेव्हा रस्त्यानं आपल्या फौजेची लॉरी आली. मी धावत जाऊन आडवा झालो. हवालदारानं विचारलं, "कहाँ का है?" माझी जीभ वळेना. शेवटी एवढंच बोललो, "भोर." लॉरी फार वेळ थांबायला तयार नव्हती. म्हातारी रस्त्याच्या कडेला येऊन उभी होती. तिनं दोन्ही हात जुळवून डोंगर केला आणि मला जा म्हणून खुणावलं. माझं नाव तिला माहीत नव्हतं, तिचं मला नव्हतं. आम्हाला त्याचं कधी कामच पडलं नव्हतं.

घरी आलो तर अंगणात वहिनी नाचणी झोडत होती. तिनं मला ओळखायला वेळ लावला. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "भावजी, आत्याबाई गेल्या वो. गेल्या सुगीच्या आदी." मी पायरीवर बसलो. ती सांगत होती, "तुमी गावत न्हाई म्हून सरकारी कागद आला. समदी म्हनली, दिवस घाला. पर आत्याबाईंनी घालू दिलं न्हाईत. म्हनायच्या, त्यो जेवतुय. कुटं का आसंना, त्याला कुनीतरी वाडतंय."

हे तुला कसं ठाऊक होतं?

लोकांनी विचारलं, इतकी वर्षं कुठं होतास? मी सांगितलं, कैदेत. मुसलमानाच्या चुलीवरचं खाल्लं म्हटलं असतं तर भावकीनं शुद्ध करून घ्यायला लावलं असतं, आणि त्या बाईच्या हातचं काही धुऊन काढायची माझी तयारी नव्हती. लग्नानंतर बायकोलाही सांगितलं नाही. ती गेली. पोरं पुण्याला आहेत. घरात मी आणि ही तेलाची किटली.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला ठाऊक नाही, म्हणून घडी करून फडताळात ठेवणार आहे. एक गोष्ट मात्र तुझ्यापासून लपवत नाही. तुझा फोटो कधी कुणी काढला नाही. तुझा आवाज मला आठवतो, भाकरी थापताना होणारा बांगड्यांचा आवाज आठवतो, पाठ तर लख्ख आठवते. पण डोळे मिटून तुझा चेहरा आणायला गेलो की आये, तिचाच येतो.