नाटकातली सरपंचबाई

गुरुजी, तुमच्यावर मी अजून रागावलेली आहे. तुम्हाला जाऊन कैक वर्षं झाली. पण काल मी शिकवते त्या शाळेच्या गॅदरिंगला पोरं सिनेमाच्या गाण्यांवर नुसती नाचत होती, आईबाप मोबाईल धरून उभे होते, आणि मला पारनेरकडची आपली शाळा आठवली. नागरिकशास्त्र तुम्ही पुस्तकातून शिकवलंच नाहीत. ग्रामपंचायतीच्या टीव्हीसमोर सतरंजीवर बसवलंत, ग्रामसभेवरचा मुलांचा कार्यक्रम दाखवलात आणि म्हणालात, "आता हेच आपण करायचं." आवाज मोठा म्हणून सरपंचबाई मी. नवरा झालेला मुलगा खुर्चीत बसतो आणि मी म्हणते, "उठा. निवडून मी आले, सभा मी घेनार." तालमीत या वाक्याला तुम्ही पोट धरून हसायचात.

त्या वर्षी आपल्या गॅदरिंगला प्रमुख पाहुणे कोण, तर खऱ्या सरपंचबाईंचे मालक. राखीव जागेवर निवडून आल्या त्या, पण गाव सरपंच म्हणायचं यांना. हे खुर्चीवर हार घालून, त्या खाली बायकांत. तुम्ही पडद्यामागे आलात. "तेवढं वाक्य गाळ. मांडव त्यांनीच दिलाय." मी गाळलं नाही. बायका हसल्या, मालकही जरा हसले. नाटक संपल्यावर सरपंचबाई डोक्यावरचा पदर सावरत मागे आल्या आणि मला विचारलं, "पोरी, सभा बाईनंच घ्यायची, आसं टीव्हीत खरंच सांगितलं व्हय?" मी तोंड उघडते आहे तोवर तुम्ही म्हणालात, "अहो, नाटक आहे ते. पोरांची गंमत." त्या बरं म्हणाल्या आणि गेल्या.

का, गुरुजी? खरं आहे, एवढंच म्हणायचं होतं. फार तर तुमची बदली झाली असती. घरी आलेल्या कागदांवर सह्या करायच्या, यापलीकडे त्या बाईंना कुणी काही सांगितलं नव्हतं. ज्यांच्यासाठी सारा खटाटोप, त्या स्वतःच्या पायांनी विचारायला आल्या, तर त्यांना तुम्ही हात हलवत परत पाठवलंत. मग आम्हा पोरांना कशाला शिकवलंत? पुढची सगळी पाच वर्षं त्यांच्या खुर्चीत मालकच बसले.

हे पत्र धाडायला पत्ता नाही. तुम्ही असतात तरी टपालात टाकलं नसतं, दारात येऊन भांडले असते. खरं सांगू? भांडायला तुम्ही उरला नाहीत, याचाच राग मला जास्त येतो.