साकव की कमान

मोऱ्याचा पाडा, शेणव्यापुढं,
ता. शहापूर
दि. १२ जून २०२५

चि. कुणालीस,
रत्नप्रभा मावशीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्रास कारन की फोन लावला तर तुझे काका स्पीकर लावून बसतात आन पाड्यावर सगळ्यांना बातमी. म्हनून लिवते.

कंटाळले गो या उपसरपंचपदाला. नारळ फोडायला मी, पावन्यांना शाल द्यायला मी, आन ठरावाची येळ आली की जयरामभाऊ सरपंच सांगनार, वयनी, तुमी चहाचं बघा. ओहळावर चालायपुरता साकव पायजे म्हनून दीड वर्स बोलते. पावसात पलीकडल्या बायका पोरं कडेवर घेऊन पान्यातून येतात. गेल्या साली त्यातली सकुबाई वाहूनच जायची, नशीब मुळी हाताला लागली. जयरामभाऊंना मात्र येशीवर कमान पायजे, वर त्यांचं नाव. यंदाच्या पैशात दोनातलं एकच व्हनार. माझं कोन ऐकत नसंल तर राजीनामा लिवते. तू मुरबाडला कॉलेजात इतिहास शिकवतेस, तूच सांग काय करू.

माया हाय तशीच दाट ठेव, पातळ करू नको.
तुझी मावशी


मुरबाड, दि. १९ जून

ती. मावशीस,
कुणालीचा सविनय जयभीम. वि. वि.

राजीनाम्याचं नाव काढू नकोस. गंमत बघ, याच आठवड्यात मी वर्गात अमेरिकेचे पहिले उपाध्यक्ष जॉन ॲडम्स शिकवते आहे. शेतकऱ्याचा मुलगा, शिकून वकील झाला, देश स्वतंत्र करायला झटला, आणि वाट्याला आली दोन नंबरची खुर्ची. तीही आठ वर्षं! बायको गावी शेती सांभाळायची. तिला त्याने पत्रातून कळवलं की याच्याइतकं बिनकामाचं पद माणसाने आजवर काढलेलं नाही. म्हणजे तुझंच रडगाणं, फक्त सव्वादोनशे वर्षांपूर्वीचं. अध्यक्षाला भारदस्त पदवी हवी म्हणून तो हटून बसला, तर लोक त्यालाच गोलमटोल महाराज म्हणून चिडवू लागले.

पण तिथे सिनेटच्या सभेत मतं समसमान झाली की उपाध्यक्षाचं मत लागतं. एरवी त्याने गप्प बसायचं, बरोबरी झाली की बोलायचं. ॲडम्सवर अशी पाळी तीसेक वेळा आली आणि शेवटी तोच अध्यक्ष झाला. तेव्हा धीर धर. तुझीही वेळ येईल.

काकांना जयभीम, आणि स्पीकर बंद ठेवायला सांग. तुझ्या मायेत कसर नसावी.
तुझी कुणाली


मोऱ्याचा पाडा, दि. ८ जुलै

चि. कुणालीस,
मावशीचा जयभीम. वि. वि.

तुझ्या त्या ॲडमभाऊनं घात केला गो.

काल सभा झाली. कमानीच्या बाजूचा सभासद भावेश भाताच्या लावनीला गेलेला, आला नाय. साकवाला चार हात, कमानीला जयरामभाऊंचा धरून चार. मी हात मांडीवर ठेवून गप. ग्रामसेवकानं विचारलं तर सांगितलं, बरोबरी झाल्याबिगर उपसरपंच मत देत नाय. बरोबरी झाली, तशी पदर सावरून उठले आन हात वर केला. तवा ग्रामसेवक बोलला की वयनी, मोजनी झाली, आता बरोबरी फोडायचं जास्तीचं मत सभेच्या अध्यक्षाचं, म्हंजे सरपंचाचं. आपल्याकडं उपसरपंच बाकीच्यांसारखाच सभासद, त्यानं सगळ्यांसंगंच हात वर करायचा असतो. जयरामभाऊंनी हसत हसत कमानीला मत दिलं.

पयलाच हात वर केला असता तर साकव झाला असता. सकुबाई साडी खोचून परत ओहळात उतरली, तेच जास्त लागलं. घरी येऊन रडले. तुझे काका मला मिसेस अमेरिका म्हनतात. म्हनू देत.

रागावले हाय, पन जीव हाय तिथंच हाय.
तुझी मावशी


मुरबाड, दि. १४ जुलै

ती. मावशीस,
सविनय जयभीम. वि. वि.

चूक माझी. अमेरिकेचा नियम शहाणपणाने लिहिला आणि आपला विचारायचं सुचलं नाही. फार वाईट वाटतंय. पण आज चौकशी केली. कामांची यादी पक्की व्हायला पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेपुढे येणार आहे आणि तिथे सगळे मतदार हात वर करू शकतात. तिच्या आधी बायकांची वेगळी सभा असते. घरोघर जा मावशी, ओहळापलीकडेही जा. ॲडम्सला मी आता वर्गातच ठेवते.

रागावून झालं की पूर्वीसारखा लोभ कर.
तुझी कुणाली


मोऱ्याचा पाडा, दि. १७ ऑगस्ट

चि. कुणालीस,
मावशीचा भरभरून जयभीम. वि. वि.

चपला झिजल्या, पन एक घर सोडलं नाय. बायकांच्या सभेत साकवाचा ठराव एकमतानं झाला. दुसऱ्या दिवशी मोठ्या सभेत जयरामभाऊ कमानीवर बोलायला लागले. तशी त्यांचीच बायको हिराबाई उठली. म्हनाली, कमानीखालून वरात एकदा जाती, ओहळातून बायकांना रोज जावं लागतं. सगळी सभा हसली, जयरामभाऊपन हसले. मग म्हनाले, बरं, साकव पायजे त्यांनी हात वर करा.

या खेपेला मी कोनाची वाट बघितली नाय, पयला हात माझा. मागं वळून बघते तर हातच हात, आन सकुबाईनं दोन्ही वर केलेले. एक खाली घे म्हनून ग्रामसेवक सांगत राहिला, पन ती काय ऐकेना, आन मलापन तिला सांगवेना.

येनंजानं ठेव, जीव लावत राहा.
तुझी मावशी,
रत्नप्रभा (उपसरपंच)