फितीची सुरुवात

राजापेठ, अमरावती. सोमवार, ८ ऑगस्ट १९६६

छप्पर गळलं आणि माझ्या जुन्या भाषणाच्या टेपची फीत भिजली. दुरुस्तीला मुंबईला पाठवणं परवडत नाही. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या रहीमभाईंनी स्वस्तातला उपाय सांगितला : साध्या पाण्यानं धुवा, सावलीत वाळवा, हातानं गुंडाळा. तसं केलं. आज त्यांच्या दुकानात लावली. सुरुवातीला नुसती खरखर.

“एवढी कापून टाकतो, भाऊ. भाषण तर तुमचं साबूत हाय.”

जात मोडण्यावरचं भाषण मी उद्याही करीन. पण त्या खरखरीत माझी बायको, सुमन आहे. माईक तपासताना म्हणाली होती, “मागं ऐकू येऊन राह्यलं का?” ती गेली, आवाज एवढाच उरला.

कापू दिली नाही. पुन्हा लावली. खरखरीतून तिचं शेवटचं ‘का’ तेवढं ऐकू आलं. एवढ्यासाठी हा आटापिटा? मीच मला विचारलं.

सभा गाजवणारा मी हळूच म्हणालो, “येऊन राह्यलं.”