ओबेडकाकांचं बुडणं

हॅडक कोव्ह, नोव्हा स्कोशिया
४ मार्च १९९७

चि. रोवेनास व्हर्नामावशीचे अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, तुझे काका रेडिओवर बुडाले. मी माशांचं चाऊडर सूप ढवळत होते, हे समोर बटाटे सोलत होते. निवेदक म्हणाला की, आता हॅलिफॅक्सच्या 'वेट मिटन्स' बँडचं गाणं, गायिकेच्या दिवंगत काकांच्या आठवणीत. पाठोपाठ तुझा आवाज! तिसऱ्या कडव्यात ओबेड गेला तळाशी. ह्यांनी सोलणं थांबवून विचारलं, मग आता मला जेवायला मिळणार की नाही?

तुला हसू येईल, पण इथे माझ्या नाकी नऊ आले आहेत. पलीकडच्या गावांतल्या बायका मॅकरोनीची भांडी घेऊन सांत्वनाला येतात. काल एकीला दार ह्यांनीच उघडलं. ती बिचारी पायरीवरच बसली. ह्यांनी आधी तिच्या हातचं भांडं तेवढं सांभाळलं.

बोट विकल्यापासून हे आधीच गप्प गप्प असतात, त्यात हे मरण. तू ह्यांना किनाऱ्याला लाव, नाहीतर मीच रेडिओवाल्यांना खरं काय ते कळवते.

वेळेवर जेवत जा. माया आहे, ती पाण्यात घालवू नकोस.

तुझी,
व्हर्नामावशी

थंडर बे
१९ मार्च १९९७

ती. व्हर्नामावशीस कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईने इकडे पाठवलं. मी ते मोठ्याने वाचलं, तर आमचा ड्रमवाला गॅस्टन गाडीत हसून गडाबडा लोळला.

मावशी, 'दिवंगत' हा शब्द निवेदकाच्या पदरचा. मी फक्त त्याला अडवलं नाही. आणि काकांना वाचवून पाहिलं गं! काल इथल्या चर्चच्या तळघरात गाताना शेवट बदलून ओबेडला लाटेने अलगद परत आणून ठेवलं. लोकांनी भिडेखातर टाळ्या वाजवल्या आणि आपापले कोट शोधायला लागले. समुद्राच्या गाण्यात कुणीतरी बुडावंच लागतं, हे काकांनीच मला शिकवलं आहे.

आम्ही या खटाऱ्यातून अर्धा कॅनडा पालथा घातला. एकदा हॉकीच्या अंतिम सामन्याच्या दिवशी वाजवलं, तेव्हा समोर फक्त बारवाला होता आणि त्याची पाठ आमच्याकडे होती. आता या एका गाण्यामुळे प्रेअरीतल्या मोठ्या महोत्सवाचं बोलावणं आलं आहे. तिथे जमलं नाही तर बँड मोडायचा, असं ठरलंय. गॅस्टन भावाच्या लाकडाच्या कारखान्यात जाईल, मी दातांच्या दवाखान्यात नोकरीला.

एप्रिलमध्ये आम्ही तुमच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये गाणार आहोत. काकांनी ऐकावं आणि काय ते सांगावं. ते वाचव म्हणाले तर वाचवीन, मग बँडचं काहीही होवो. तोवर रेडिओवाल्यांना पत्र टाकू नकोस.

राग धर, पण लोभ सोडू नकोस.

तुझी लाडकी खुनी,
रोवेना

हॅडक कोव्ह
२८ एप्रिल १९९७

चि. रोवेनास अनेक आशीर्वाद.

मी कधी कुणाला पत्र लिहीत नाही. मावशीने बळेच बसवलं आहे आणि मागे उभी राहून माझ्या चुका काढते आहे.

शनिवारी गाणं संपल्यावर तू मला शोधत आलीस, तेव्हा मी मागच्या दाराने सटकलो. रागावलो म्हणून नव्हे. घशात काहीतरी अडकलं होतं. मावशीचं म्हणणं, केक असेल.

अख्खा हॉल रडत होता. मी धडधाकट आहे हे ज्यांना ठाऊक, तेही. धक्क्यावरच्या जागेवरून भांडून ज्याने माझ्याशी बोलणं टाकलंय, तो मर्डक माझ्याच शेजारी बसून माझ्यासाठी रुमाल भिजवत होता. मी जरा खाकरलो, तर त्याने मलाच दटावलं की गप्प बस, इथे माणूस बुडतोय.

बोट विकल्यापासून मला वारा कुठला आहे, एवढंही कुणी विचारत नाही. धक्क्यावर गेलो की पोरं उठून बसायला जागा देतात, म्हातारा म्हणून. त्याचं मला फार वाईट वाटतं. आणि तुझ्या गाण्यात सगळं गाव कंदील घेऊन उभं आहे, ओबेड येतोय का बघत. पोरी, मी जन्मभर वेळेवर घरी आलो, त्यामुळे मावशी सोडली तर माझी वाट अशी कुणी पाहिलीच नाही.

महोत्सवाला जा आणि मला चांगला खोल बुडव. वाचवू मात्र नकोस. वाचलो की लोक कंदील विझवून घरी जातात.

तुझा,
ओबेडकाका