रुंद जागी उतरा

बाबा, काल स्टोअरवाले काका भेटले, आणि त्यांच्यासोबत त्यांची बायको. दोघं जिवंत आहेत, धडधाकट आहेत. तिचा एक गुडघा सोडला तर तक्रार नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण तुम्हाला निकाल आधी लागायचा आणि कारणं मागून. मी मात्र बारा वर्षं निकालाशिवाय काढली. कशी काढली ते माझं मला माहीत.

अल ऐनच्या फ्लॅटमधलं आपलं स्वयंपाकघर आठवतं ना? मी नववीत आहे. तुम्ही साइटवरून पिशवीभर वाळू आणलीय आणि ती आईच्या कणकेच्या परातीत ओतताय. "अहो, घर आहे हे, छावणी नाही!" आई ओरडतेय, पण चहाही टाकतेय. समोर तुम्ही फोरमन आहात त्या कंपनीचे सोमाली स्टोअरकीपर बसलेत, बसल्यावरही आईएवढे उंच. त्यांच्या देशात आपसातच लढाई पेटलीय. बायको आणि दोन लेकरं नदीच्या एका काठाला अडकलीत, सुरक्षित गाव दुसऱ्या काठाला, आणि पूल एकच. काका म्हणतायत, पुलावरूनच येतील, इन्शाल्ला. आणि तुम्ही, वीस वर्षं फौजेत पूल बांधून रिटायर झालेला माणूस, वाळूत बोटाने नदी ओढता, तिच्यावर काड्यापेटीचा पूल ठेवता, दोन्ही टोकांना चण्यांचे शिपाई मांडता आणि म्हणता, "पूल नही. पूल पे मरेगा."

मग मला मराठीत समजावलंत. "परक्याशी लढाई असली की सरहद्द असते. घरातल्या लढाईत ती नसते, मग नदीच सरहद्द होते. ज्याचा पूल, त्याचे दोन्ही काठ. म्हणून सगळे आधी पूल धरतात. गाड्या, तोफा, धान्य, सगळं तिथूनच जाणार, आणि तू कुठल्या टोळीचा हेही माणसाला तिथेच विचारणार. धरता नाही आला तर उडवतात. नावाडीसुद्धा कुणाच्या तरी बाजूचा असतो." काड्यापेटी उचलून तुम्ही ओट्यावर ठेवलीत. "फौजेला पूल लागतो. बाईमाणसाला गुरांची वाट पुरते. पूल फौजेचा, उतार गुराख्याचा." नदी पायी ओलांडता येते त्या जागेला उतार म्हणतात, हे मला तेव्हा कळलं.

काकांचं हिंदी साइटपुरतं, 'यल्ला, माल उठाओ' एवढंच. पण तिकडे बायकोसोबत तिचा भाऊ होता, शाळामास्तर. त्याला इंग्रजी वाचता येई. म्हणून इंग्रजीत लिहून पाठवायचं ठरलं, आणि आपल्या घरातलं इंग्रजी म्हणजे मी. तुमचे अर्ज, रजेची पत्रं मीच लिहायची. "तुला कळतं, तू बघ," म्हणायचात आणि मी फुगायची. तुम्ही सांगत गेलात, मी लिहीत गेले. गुरं जिथून पलीकडे जातात ती जागा विचारा. पाऊस थांबल्यावर तीन दिवस थांबा. काठीने तळ चाचपत चला. आणि मग: पात्र रुंद असेल तिथे उतरा. बाबा, मला वाटलं तुम्ही दमलात. रुंद जागी पाणी जास्त, हे शेंबड्या पोरालाही कळतं! मी 'अरुंद' लिहिलं. तुम्हाला विचारलंसुद्धा नाही. पत्र दुसऱ्या दिवशी दुपारी तिकडे जाणाऱ्या एका व्यापाऱ्याबरोबर गेलं.

त्या शुक्रवारी तुम्ही मला एकटीलाच खजुराच्या बागेत नेलंत. तिथे झाडांना पाणी नेणारा पाट आहे. "चप्पल काढू नकोस, उतर." पाट अरुंद होता तिथे पाणी पोटरीपर्यंत आलं आणि एक चप्पल ओढून घेऊन गेलं. पुढे पाट पसरला होता, तिथे धड घोटाही भिजेना. "पाणी तेवढंच आहे," तुम्ही म्हणालात, "दाटीवाटीने गेलं की खोल आणि तापट. पसरलं की गरीब." मला माझं 'अरुंद' आठवलं. मग माझ्याकडे न बघता तुम्ही विचारलंत, "काही सांगायचंय?" मी म्हटलं, "नथिंग, बाबा." तुम्ही म्हणालात, "चल, नवी चप्पल घेऊ."

काका महिन्याभरात दुसऱ्या अमिरातीत नोकरीला गेले. दोन वर्षांनी तुम्ही गेलात, छातीत कळ आली आणि खलास. विचारायला कुणी उरलं नाही. कधी न पाहिलेली ती बाई दोन लेकरं घेऊन मी लिहिलेल्या जागी पाण्यात उतरायची, आणि मी तिथेच विचार थांबवायची. माझ्या मुलीला टबात बसवताना माझे हात थरथरायचे. नवरा म्हणायचा, अगं, वीतभर तर पाणी आहे.

काल हॉस्पिटलच्या रजिस्ट्रेशन काउंटरवर मी मान खाली घालून टाइप करतेय, आणि वरून आवाज येतो, "तुम फोरमन का लडकी!" वर बघते तर काका. शेजारी ठसठशीत, हसरी बायको. कसंबसं 'ते पत्र' एवढंच म्हटलं, तर काका हसायलाच लागले. "तुम्हारा बाबा दूसरा दिन सुबह स्टोअर में आया. बोला, लेटर खोलो. 'नॅरो' पे उंगली रखा, बोला, ये काटो, 'वाइड' लिखो." तुम्हाला ते वाचता कसं आलं, क्षणभर कळेना. मग आठवलं. पुढे रस्ता अरुंद आहे, ही इंग्रजी पाटी तुम्हीच तर रोज साइटवर उभी करत होतात. मी मेली शहाणी! "और बोला," काका म्हणाले, "लडकी को मत बोलना. वो खुद बोलेगी."

पाणी कुठवर होतं, मी विचारलं. काकांनी तिला सांगितलं. तिने आपल्या दुखऱ्या गुडघ्यावर थाप मारली आणि खो-खो हसली. मुलगा आता काकांहून उंच झालाय म्हणे, मुलीचं लग्न ठरतंय. मी तिथेच ढसाढसा रडले, मागची रांग खोळंबली, आणि "हबीबती, खलास, खलास", पोरी, बास आता, म्हणत तिनेच माझे डोळे पुसले.

तुमचा रागही आला, बाबा. एक शब्द टाकला असतात तर काय बिघडलं असतं? पण आज सकाळी मुलीला टबात बसवलं, तिने मला नखशिखांत भिजवलं, आणि मी हसत होते. हात अजिबात थरथरले नाहीत. हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? आईची ती परात अजून आहे, तिच्याखाली ठेवून देईन. तुम्ही पाटाशी विचारलं होतंत ना, काही सांगायचंय का म्हणून. हो, बाबा. तो शब्द मी बदलला होता.